गार दुधामागची उकळी

दूध थंड करायची नोकरी होती असं सांगितलं की लोकांना वाटतं, मी मोठ्या फ्रीजजवळ खुर्ची टाकून बसत असेन. खरं तर आयुष्यभर मी अमोनियाच्या उकळण्यावर नजर ठेवली. तो नीट उकळला की दूध गार, त्यानं आळस केला की दूध नासलं. लग्नानंतर बायकोला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिनं चुलीवरच्या पातेल्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि ती भाकरी थापायला लागली. नव्या नवऱ्याला एवढी सवलत आमच्या आष्टी तालुक्यात मिळते.

दिवाळी अंकाच्या वाचकांनी तरी तसं करू नये म्हणून थोडं समजावून सांगतो. गारवा कुणाला तयार करता येत नाही. ऊब तेवढी एका जागेवरून उचलून दुसरीकडं टाकता येते. इंजेक्शनआधी नर्स दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवते तेव्हा दंड गार पडतो, कारण स्पिरिट उडून जाताना कातडीची ऊब घेऊन जातं. अमोनिया हेच काम फार जोरात करतो. बर्फापेक्षा गार असतानाही तो उकळू शकतो, आणि उकळायला लागणारी ऊब शेजारच्याकडून ओढून घेतो.

आमच्या दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर एक आडवं लोखंडी पिंप होतं. त्याला आम्ही चिलर म्हणायचो. त्याच्या पोटात पोलादी नळ्यांची मोळी होती. उसाच्या गाडीत ऊस रचतात तशा, ओळीवर ओळ. नळ्यांच्या आतून मिठाचं पाणी फिरायचं आणि नळ्यांच्या बाहेर, पिंपात, अमोनिया असायचा. पाण्यातली ऊब घेऊन अमोनिया उकळायचा. गार झालेलं पाणी पुढं जाऊन दुधातली ऊब काढायचं. झालेली वाफ कॉम्प्रेसर ओढून घ्यायचा, दाबायचा, आणि बाहेर साध्या पाण्याच्या फवाऱ्याखाली तिचा परत द्रव व्हायचा. या फेऱ्यात कुठं खंड पडू द्यायचा नाही, हे माझं काम.

हे काम मला शिकवलं करीमभाई मिस्त्रींनी. डिप्लोमा माझ्याकडं होता, पण मशीनशी ओळख त्यांनी करून दिली. ते मूळ बीड शहरातले, तिथल्या एका बर्फाच्या कारखान्यात वाढलेले. अंगानं सडपातळ, दाढी पांढरी आणि खांद्यावर कायम एक ओला पंचा. अमोनियाचा वास आला की तो पंचा नाकाला लावायचा आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला चालू लागायचं, हा त्यांचा पहिला धडा. दुसरा धडा तेलाचा. कॉम्प्रेसरमधलं वंगणाचं तेल थोडं थोडं वाफेबरोबर निघून फिरत फिरत चिलरमध्ये येतं. अमोनियापेक्षा ते जड असल्यामुळं पिंपाच्या तळाशी बसतं आणि खालच्या नळ्यांना चिकटतं. तेल चिकटलेली नळी म्हणजे गोधडी पांघरून झोपलेला माणूस. तिच्याकडून काम होत नाही.

"दत्ताभाऊ," ते म्हणायचे, "मशीनला बोलता येत न्हाई. पर खालून तेल काढलं की तिचा सूर बदलतो. ऐकत जा."

मी ऐकत गेलो. एकदा आमच्या भागातले एक पुढारी केंद्र बघायला आले होते. हार, नारळ, फोटो सगळं झालं. नेमकं त्याच वेळी एका जुन्या व्हॉल्व्हमधून अमोनियाची चिमूटभर झुळूक सुटली. चिमूटभरच होती, पण सभा बरखास्त करायला तेवढी पुरते. सगळे कार्यकर्ते एका दमात रस्त्यापर्यंत गेले. करीमभाईंनी पंचा नाकाला लावून व्हॉल्व्ह आवळला आणि बाहेर येऊन पुढाऱ्यांना शांतपणे म्हणाले, "साहेब, भाषण ऱ्हायलं तुमचं." डोळे पुसता पुसता पुढारीही हसले. नव्या व्हॉल्व्हची मंजुरी मात्र त्यानंतर लवकर आली.

तर दुष्काळाचं सांगतो. पावसानं लागोपाठ दगा दिलेला होता. ऊस उन्हाळ्याआधीच वाळून गेला होता आणि कडा गावाच्या बाजूला साखर कारखान्याची चिमणी त्या हंगामात फार दिवस पेटली नाही. गावांना टँकरचं पाणी. आमच्या केंद्राची विहीर मचूळ होती. ते पाणी माणसाच्या तोंडात धरवत नव्हतं, पण मशीनच्या फवाऱ्याला चालत होतं. तरी लोक रस्त्यानं जाताना फवारा बघायचे आणि म्हणायचे, "माणसाला घोट न्हाई आन मशीन आंघोळ करतीय." आमचे अध्यक्ष आबा मग अशा माणसाला आत बोलवायचे आणि त्याच विहिरीचं पाणी पेल्यात द्यायचे. एक घोट घेतला की माणूस पेला खाली ठेवायचा आणि आल्या वाटेनं जायचा.

चारा संपला तेव्हा केंद्रापासून जवळच गुरांची छावणी सुरू झाली. पंचक्रोशीतली जनावरं आणि त्यांच्याबरोबर माणसं तिथं राहायला आली. शेडनेटच्या सावलीत गाईंच्या रांगा, रांगेच्या टोकाला बाजा, चुली, धुणी. शेतात काहीच नव्हतं. घरात जे काही येत होतं ते गाईच्या दुधातून. त्यातच शेजारचं शीतकरण केंद्र पाण्यावाचून बंद पडलं आणि तिकडचं दूधही आमच्याकडं वळवायचं ठरलं.

आबांनी मला आणि करीमभाईंना बोलावलं. आबा जुने शेतकरी, कमी बोलायचे.

"सगळं दूध आपल्याकडं येतंय," ते म्हणाले. "जवळपास दुप्पट होईल. मशीन घेईल का?"

मी म्हणालो, "बघून सांगतो."

"बघून सांगू नका. घ्यायचं म्हणलं आन नासलं तर लोक मरतील. न घ्यायचं म्हणलं तरी मरतील. नीट इचारून सांगा."

मशीन पुरवणाऱ्या कंपनीला फोन केला. त्यांचं उत्तर सरळ होतं. नवीन चिलर घ्या, काही महिन्यांत देतो. काही महिन्यांत एक तर पाऊस आला असता, नाहीतर गाई बाजारात गेल्या असत्या. कॉम्प्रेसरची चिंता नव्हती, तो ऐपतदार होता. प्रश्न नळ्यांच्या मोळीचा होता. तिच्याभोवती अमोनिया किती उकळेल? एका नळीचं गणित पुस्तकात मिळतं. ओळीवर ओळ रचलेल्या मोळीचं गणित माझ्या डिप्लोमाच्या बाहेरचं होतं.

तेव्हा मला डॉक्टर सुनंदा गव्हाणे आठवल्या. मराठवाड्यातल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायच्या. मूळच्या धारूरच्या, शेतकऱ्याच्या घरच्या. त्यांचं संशोधनच याच्यावर होतं, मोळीवर होणाऱ्या उकळीचा आधी अंदाज कसा बांधायचा यावर. त्याआधी एकदा आमच्या चिलरची तापमानं घ्यायला त्या विद्यार्थ्यांना घेऊन आल्या होत्या. मी फोन केला, अडचण सांगितली. दुसऱ्या दिवशी त्या एस.टी.नं आल्या. थांब्यावरून केंद्रापर्यंत भर उन्हात चालत आल्या आणि पाणी पिण्याआधी मशीनला हात लावून बघितला.

दिवसभर त्यांनी मोजमापं घेतली. मिठाचं पाणी किती गार आत जातं, किती गार बाहेर येतं, दाब किती, प्रवाह किती. मग आबांच्या खोलीत टेबलावर बसून त्यांनी गणित मांडलं. मी शेजारी बसून जमेल तेवढं समजून घेत होतो.

"दत्तात्रयराव, याच्यात गंमत कुठंय ते सांगते," त्या म्हणाल्या. "खालच्या नळीवर बुडबुडा तयार होतो. तो वर निघतो आणि वरच्या नळ्यांना घासून जातो. त्या घासण्यानं तिथला अमोनिया घुसळला जातो आणि वरची नळी एकटी असती त्यापेक्षा जास्त काम करते. म्हणून मोळीची ताकद नळ्यांच्या बेरजेपेक्षा जास्त येते. काम वाढलं की बुडबुडे वाढतात आणि ही मदतही वाढते."

"म्हणजे दुप्पट दूध घेईल?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "माझ्या हिशोबानं घेईल. पण हा अंदाज आहे. या विषयातले चांगल्यातले चांगले अंदाजसुद्धा खऱ्यापासून बरेच लांब जाऊ शकतात. हे आबांना मी स्वतः सांगणार."

पुढं एक गोष्ट त्यांनी सांगितली ती करीमभाईंना पटली नाही. पिंपातल्या अमोनियाची पातळी थोडी कमी करायची. करीमभाईंचं म्हणणं उलट होतं. काम दुप्पट, तर माल जास्त पाहिजे.

"मॅडम, वरच्या नळ्या कोरड्या पडतील की," ते म्हणाले.

"पडणार नाहीत. दूध उकळलं की पातेल्यात वर येतं ना? तसा इथंही फेस वर येतो. काम वाढलं की फेस जास्त वर येईल आणि वरच्या नळ्या भिजवेल. आत्ताची पातळी तशीच ठेवली तर तो फेस वाफेबरोबर कॉम्प्रेसरमध्ये जाईल."

द्रव अमोनिया कॉम्प्रेसरमध्ये गेला म्हणजे काय होतं हे करीमभाईंनी बीडला डोळ्यांनी बघितलेलं होतं. कॉम्प्रेसरचं वरचं झाकण, म्हणजे हेड, फुटून लोखंडाचे तुकडे भिंतीत रुतले होते. ते म्हणाले, "उतू जायची गोष्ट म्हणता व्हय. मग बराबर हाय. आमी इतकी वर्सं पातेलं काठोकाठ भरून ठेवलतं."

त्यांनी स्वतः पातळी खाली घेतली. आम्ही नळ्यांच्या आतला क्षार ब्रशनं काढला, तळातून तेल काढलं, बाहेरच्या फवाऱ्याची भोकं मोकळी केली. मॅडमनी आबांना सगळं सांगितलं, चुकण्याची शक्यतासुद्धा. आबांनी एकच विचारलं, "तुमी त्या दिवशी हजर असाल का?"

"असेन," त्या म्हणाल्या. कॉलेजात रजा टाकून त्या माझ्या घरी राहिल्या. माझ्या बायकोला त्यांनी चुलीवर पातेलं ठेवून उकळीचं सगळं शास्त्र समजावलं. ते तिला कळलं आणि मग तिनं मला विचारलं, "हे इतकं सोपं होतं तर तुम्ही का नाही सांगितलं?"

वाढीव दुधाचा पहिला दिवस उजाडला. टेम्पोमागून टेम्पो लागले. छावणीतून माणसं सायकलला, मोटारसायकलला कॅन अडकवून आली. उन्हाळ्याचं दूध सकाळीसुद्धा कोमट होतं. मशीन सुरू झालं आणि सुरुवातीला सगळं मॅडमच्या गणितासारखं चाललं. काचेच्या पातळीदर्शकात फेस चढताना दिसत होता, बरोबर त्यांनी सांगितला तितका. कॉम्प्रेसरचा सूर स्वच्छ होता. करीमभाई त्याच्या अंगावर हात ठेवून उभे होते आणि त्यांनी माझ्याकडं बघून मान हलवली.

अर्ध्याहून जास्त दूध गेलं आणि मग दुधाच्या तापमानाचा काटा हळूहळू वर सरकायला लागला. चार अंशांवर यायला हवं ते पाच, मग सहा, मग सात. त्याच वेळी चिलरमधला दाब खाली जात होता. याचा अर्थ कॉम्प्रेसर वाफ मागतोय आणि मोळी देऊ शकत नाही. मोळीची ताकद संपली होती. आमचं दूध पुढं नेणारा मोठ्या डेअरीचा टँकर सात अंशांचं दूध घेत नसे. त्या दिवशी आम्ही हातानं बर्फाच्या लाद्या आणून दुधाच्या शेवटच्या टाकीभोवती रचल्या, पंपाचा वेग कमी केला आणि कसाबसा टँकर भरला. रोज असं करायला बर्फ कुठून आणणार होतो?

मॅडम पायरीवर बसल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

"कमी पडला माझा अंदाज," त्या म्हणाल्या. "वरच्या ओळी मी म्हटलं तसंच काम करतायत. खालच्या करत नाहीत. माझं सूत्र स्वच्छ नळ्यांवर बांधलेलं आहे. खालच्या नळ्यांवर जुनं तेल चिकटून बसलंय, ते नुसतं तळाची तोटी उघडून निघत नाही."

"मोळी बाहेर काढून धुवायची तर मशीन बंद ठेवावं लागेल," मी म्हणालो.

"आणि तेवढे दिवस दूध कुठं ठेवणार?" त्या म्हणाल्या. मग दिवसभराच्या नोंदी चाळून म्हणाल्या, "मशीन दिवसभरात हे सगळं दूध सहज थंड करेल. अडचण एवढीच की ते एकदम येतंय. अर्धं दूध दोन-अडीच तासांनी आलं तर मधल्या वेळात मिठाच्या पाण्याची टाकी पुन्हा गार होईल."

त्यासाठी अर्ध्या गाई नेहमीच्या वेळी आणि अर्ध्या उशिरा पिळायला हव्या होत्या. आणि वेळ बदलली की गाय काही दिवस दूध कमी देते, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मी आणि मॅडम छावणीत गेलो. माणसं रांगांमधून जमली. मी सांगायला सुरुवात केली, तेव्हा बबनराव नावाचे एक शेतकरी मधेच म्हणाले, "मशीन तुमची कमी पडती आन तरास आमच्या गाईंला कावून?"

त्यांचं चूक नव्हतं. मॅडम पुढं झाल्या.

"हिशोब मी केला होता," त्या म्हणाल्या. "तो कमी पडला. मशीन दुप्पट घेईल असं मी म्हटलं होतं, तेवढं एका दमात ते घेत नाहीये. दोन दमात घेईल. हे मात्र मी आज डोळ्यांनी बघून सांगतेय."

लोक कुजबुजायला लागले. वेळ बदलायची तर कुणी बदलायची? उशिरा धार काढायची म्हणजे सकाळी गावाकडं जाऊन टँकरचं पाणी धरता येत नाही. कुणाचं घर तिकडं, म्हातारी माणसं तिकडं. मागच्या बाजूला गयाबाई बसल्या होत्या. विधवा बाई, दोन गाई, डोंगराच्या बाजूच्या एका वाडीवरून आलेल्या. त्या उठल्या.

"बाई, तुमच्या मशीनला दम खायला किती येळ पायजे?"

मॅडमनी सांगितलं.

"मग आमची पल्याडली रांग उशिरा पिळंल. आमच्या वाडीचं पाणी तसंबी दुपारच्याला येतंय."

"गयाबाई, दूध उतरंल की," बबनराव म्हणाले.

"उतरंल चार रोज. नासलं तर सगळंच जाईल. तुमच्या रांगेचं बी आन माझ्या रांगेचं बी." त्या रांगेतल्या बायकांकडं वळल्या. "काय गं, काय म्हंता?"

कुणी हात वर केला नाही, कुणी भाषण केलं नाही. एक बाई म्हणाली, "पिळू की." दुसरी म्हणाली, "लई ऊन व्हायच्या आत घ्या म्हंजे झालं." आणि ठरलं. बबनराव म्हणाले, "तुमच्या रांगेचे कॅन माझ्या टेम्पोत जातील. बायांनी उन्हात वाहायचे न्हाईत."

दुसऱ्या दिवसापासून दूध दोन वेळांना यायला लागलं. पहिली खेप चार अंशांवर गेली. टाकी गार झाली. दुसरी खेपही चार अंशांवर गेली. करीमभाईंनी पंचा खांद्यावरून काढून तोंड पुसलं आणि मॅडमना म्हणाले, "मॅडम, तुमचा हिसाब गलत नव्हता. आमच्या नळ्या बुढ्ढ्या झाल्यात." मॅडम पहिल्यांदा मोकळ्या हसल्या.

मला मनापासून वाटतं, त्यांचं गणित नसतं तर आम्ही ते दूध घ्यायला धजलोच नसतो, आणि पातळी भरलेलीच ठेवली असती तर कॉम्प्रेसर पहिल्या दिवशीच फुटला असता. अंदाज थोडा चुकणं आणि अंदाजच नसणं यांत केवढं अंतर आहे हे मी त्या उन्हाळ्यात शिकलो. मॅडम पुढंही येत राहिल्या, तेलाचा परिणाम मोजत राहिल्या. त्यांच्या सूत्रात पुढं तेलासाठी जागा झाली. ती मोजमापं आमच्या गावच्या दुधावर झालेली आहेत याचा मला अजून अभिमान आहे. खंत एकच आहे. पाऊस झाल्यावर मोळी बाहेर काढून नीट धुवायची असं आम्ही ठरवलं होतं, पण ते होण्याआधीच करीमभाई आजारी पडले आणि बीडला लेकाकडं गेले. मोळी धुतली तेव्हा ते बघायला नव्हते. मी फोन करून सांगितलं, खालून किती काळं निघालं ते. "अल्ला," ते म्हणाले, "इतकी वर्सं बिचारी ओझं घेऊन पळाली."

पाऊस आला तेव्हा छावणी मोडली. ट्रॅक्टरमध्ये गाई, बाजा, भांडी भरून माणसं आपापल्या गावी गेली. दूध पुन्हा पूर्वीसारखं कमी झालं, शेजारचं केंद्र सुरू झालं. दुसऱ्या खेपेची गरज उरली नाही, आणि मी गयाबाईंच्या वाडीला निरोप धाडला की आता सगळ्यांनी पहिल्या वेळेलाच दूध पाठवावं.

गयाबाई स्वतः आल्या. पदरानं घाम पुसत ऑफिसच्या दारात उभ्या राहिल्या.

"भाऊ, एक इचारायचं हाय. आमच्या गाईंनी आता ती येळ धरली. परत बदलली तर परत दूध उतरंल. आन खरं सांगू का, सकाळी जरा उशिरा पिळायचं तर पोरींची साळंची तयारी नीट व्हती. ती येळ तशीच ऱ्हाऊ द्याल का?"

नियमात ते बसत नव्हतं. एवढ्याशा दुधासाठी मशीन पुन्हा सुरू करायचं, माणूस थांबवायचा. मी आबांकडं गेलो. आबा म्हणाले, "माणूस कोण थांबंल?"

"मी," मी म्हणालो.

निवृत्त होईपर्यंत मी रोज ती दुसरी खेप घेतली. वाडीवरून कॅन येत, मी झाकण उघडून वास घेई, दूध ओती, आणि मशीन सुरू करी.